दोनच सीटची गाडी



अमेरिकेहून परत आल्यापासून एकच प्रश्न मला बस्तीत, स्वाध्यायाला, अगदी भाजीच्या गाड्यापाशीसुद्धा विचारला गेला आहे. "लेकीनं नवी गाडी घेतली म्हणे. दोनच सीटची?" त्यातला 'च' फार बोलका आहे. लेक त्रेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, पगार चांगला, आणि गाडीला मागची सीटच नाही, एवढं सगळं त्या एका अक्षरात बसतं. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. गाडीची माहिती होईल, आणि आपल्या पाचव्या अणुव्रताशी तिचा संबंध कसा आला तेही सांगता येईल. संबंध आला, आणि चांगलाच आला.

आधी जुन्या गाडीबद्दल. लेक डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. २००९ साली क्रायसलर आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या लहान कंपन्यांचे तेव्हा काय हाल झाले ते तिथल्या लोकांनाच ठाऊक. तिचीही नोकरी गेली. दहा महिने ती घरी होती. आम्ही फोनवर "परत ये" म्हणायचो, ती "थांबा" म्हणायची. २०१० मध्ये नवी नोकरी लागली, घेतलेले पैसे फिटले, आणि मग तिने स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती ही: टोयोटाची एमआर-टू स्पायडर, २००१ सालची, म्हणजे घेतानाच नऊ वर्षं जुनी, साडेसात हजार डॉलरना. कामावर जायला एक साधी चार दारांची गाडी होतीच. ही शनिवार-रविवारची.

एमआर-टू हे नाव 'मिडशिप रनअबाउट टू-सीटर' याचं लघुरूप. फ्रान्समध्ये मात्र ती नुसती 'एमआर' म्हणून विकली, कारण 'टू'ला फ्रेंच शब्द लावून ते नाव घाईत म्हटलं की चारचौघांत न उच्चारायचा शब्द तयार होतो. हे लेकीने मला सांगितलं तेव्हा यांना दहा मिनिटं हसू आवरत नव्हतं.

'मिडशिप' म्हणजे इंजिन मधोमध. आपल्या साध्या गाड्यांचं इंजिन पुढच्या चाकांवर, नाकात असतं. टाटा नॅनोचं पार मागे, मागच्या चाकांवर होतं. मिड-इंजिन गाडीत ते दोन आसांच्या मध्ये, बसणाऱ्याच्या पाठीमागे लागूनच असतं. आणि हे काही फक्त श्रीमंतांचं प्रकरण आहे असं समजू नका. मारुतीची व्हॅन, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असायचं, पुढच्या आसाच्या मागे. मे महिन्यात सांगलीहून बाहुबलीला जाताना पुढच्या सीटवर जी बसली असेल तिला इंजिन कुठे आहे हे सांगावं लागायचं नाही.

मधोमध ठेवून मिळतं काय? फुगडी आठवा. हात लांब ताणून फिरलं तर गिरकी संथ, आणि हात आखडून जवळ आलं की गिरकी एकदम जलद. वजन मध्याजवळ असलं की वळायला कष्ट कमी पडतात. गाडीतली सगळ्यात जड वस्तू इंजिन. ते मध्ये आलं की गाडी वळणावर हाताच्या इशाऱ्यानं फिरते. ओम्नीत ही मजा कुणाला मिळाली नाही, कारण ती उंच आणि अरुंद. एमआर-टू जमिनीलगत बसलेली आणि वजनाला जेमतेम एक टन, त्यामुळे तिच्यात ती पुरेपूर मिळते. तोटाही फुगडीचाच आहे. तोल सुटला तर हात आखडलेल्या मुली लवकर भेलकांडतात. चालवणाऱ्याला भान लागतं.

आता त्या 'दोनच'चं उत्तर. जिथे मागची सीट यायची तिथे इंजिन बसलंय, म्हणून सीट दोन. पोर्शे कंपनीची अगदी पहिली गाडी १९४८ साली ऑस्ट्रियात बनली, तिचंही इंजिन मध्ये होतं. पुढे विकायच्या गाड्या बनवताना मागे सीट आणि सामान मावावं म्हणून त्यांनी ते पार मागे सरकवलं. म्हणजे "मागे कोण बसणार?" हा प्रश्न आपल्या मंडळातल्या बायकांच्या आधी पोर्शेला पडला होता. यात माझ्या लेकीच्या संसाराचा काही संबंध नाही.

मग पंधरा वर्षं चाललेली गाडी बदलायची का? मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटात, साडेतीनशे मीटर खाली, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात. आपण पापडाच्या पिठात टाकतो तसं चिमूटभर नव्हे, ट्रकच्या ट्रक. लेक ही गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, तरी एप्रिलच्या ओल्या रस्त्यावर उरलेलं मीठ लागायचंच, आणि तिच्याआधीच्या मालकाने तर हिवाळाभर चालवलेली. खालची चौकट गंजून पापुद्रे सुटले होते. मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवलं आणि एका ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. ज्या गावचं मीठ खाल्लं त्यानेच तिला खाल्लं.

छताचं कापड विरलेलं, ते बदलता आलं असतं. पण काही भाग टोयोटा आता बनवतच नाही. शिवाय त्या गाडीत पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस एवढीच सुरक्षा. बाजूला एअरबॅग नाही, घसरताना गाडीला सावरणारी यंत्रणा नाही. अमेरिकेतल्या रस्त्यावर आपल्या घराएवढे पिकअप ट्रक धावतात आणि या गाडीत बसलं की डोळे त्यांच्या चाकांच्या पातळीवर येतात. गेल्या उन्हाळ्यात, २०२५ च्या जूनमध्ये, मी पहिल्याच रविवारी तिच्या शेजारी बसून फार्मिंग्टन हिल्सच्या जैन मंदिरात गेले, आणि परत येताना म्हटलं, "ही आता पुरे."

"मलाही तेच वाटतंय," ती म्हणाली. "पण दुसरी घेतली तर तशीच घेणार."

मैत्रिणींनो, इथे मी काही बोलले नाही. लेकीचा पैसा लेकीचा. पण मी बी.कॉम. आहे आणि वही-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय मला खरेदी पटत नाही, हे तिला ठाऊक. त्या रात्री तिनेच वही आणून दिली. म्हणाली, "आई, गाड्या बघायच्या आधी मर्यादा लिहू. तू पाठशाळेत शिकवायचीस ना, बाजारात जायच्या आधी परिमाण."

परिग्रह-परिमाण व्रताचं हेच मर्म आहे. वस्तू समोर आल्यावर ठरवायचं नसतं. तिने लिहिलं: गाड्या दोनच, तिसरी एक दिवससुद्धा दारात उभी राहायची नाही, म्हणजे जुनी गेल्याशिवाय नवी येणार नाही. सगळा खर्च, मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर धरून, ८५ हजार डॉलरच्या आत आणि कर्जाशिवाय. तेवढीच रक्कम निवृत्तीच्या खात्यात आणि दानाला आधी वेगळी काढलेली असली पाहिजे (ती होती, मी आकडे पाहिले). गिअर हाताने टाकायचे. आणि बसायला चामडं नको.

मी त्याखाली एक शब्द लिहिला: अतिवाहन.

'रत्नकरंड श्रावकाचार' आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वाध्यायात वाचलेला आहे. समंतभद्र आचार्यांनी त्यात परिग्रह-परिमाणाचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि त्यातला पहिलाच अतिवाहन आहे. मग अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. अतिवाहन म्हणजे लोभापायी बैलांना त्यांच्या ताकदीपलीकडे हाकणं, असा अर्थ टीकेत दिलेला असतो. काही जण गरजेपेक्षा जास्त वाहनं ठेवणं असाही करतात. आपल्या सांगली भागात ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्या पाहिल्या की पहिला आणि पाचवा अतिचार दोन्ही एकदम दिसतात, पुस्तक उघडायलाच नको. मला मात्र त्या उन्हाळ्यात मधल्या शब्दाचीच जास्त प्रचिती आली. विस्मय. दुसऱ्याचं वैभव पाहून तोंड उघडं राहणं. गाड्यांची शोरूम ही विस्मयासाठीच बांधलेली असते. फरशी इतकी चकचकीत की गाडी उलटीही दिसते.

पहिली पाहिली ती शेवरोलेची कॉर्व्हेट. डेट्रॉइटमध्ये राहून ती न पाहणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न विचारण्यासारखं, असं हे म्हणाले. (आपण विचारत नाही, तरी म्हणाले.) तिची कथा मला आवडली. १९५३ पासून कॉर्व्हेटचं इंजिन पुढेच. झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या त्यांच्या इंजिनीअरने १९६० च्या सुमारास मध्ये इंजिन असलेली प्रायोगिक गाडी बनवली आणि कंपनीच्या मागेच लागला की विकायची गाडीही अशीच बनवा. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला, १९९६ मध्ये वारला. गाडी आली जुलै २०१९ मध्ये. जवळजवळ साठ वर्षं कंपनी "बघू" म्हणत राहिली. जाहीर झाली तेव्हा सुरुवातीची किंमत ५९,९९५ डॉलर, अगदी बाटाच्या चपलेसारखी. आता ती सत्तर हजारांच्या घरात आहे.

तेवढ्या पैशांत जे मिळतं ते इतर कुणी देत नाही, हे हिशेब करणारीला मान्य करावंच लागतं. ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ४९० अश्वशक्ती. मागे चांगली मोठी डिकी, पुढेही एक. दुरुस्ती गावोगावी. यांनी आत बसून दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. दोन सीटच्या मध्ये बटणांची एक लांबलचक ओळ भिंतीसारखी उभी होती. "शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं नसेल तर उत्तम," लेक म्हणाली.

पण हाताने टाकायचा गिअर या गाडीत मिळतच नाही, कुठल्याच किमतीला. मूळ दर्जाची सीट चामड्याची. वजन दीड टनाच्या वर, म्हणजे एमआर-टूच्या दीडपट. आणि एमआर-टूचं इंजिन १३८ अश्वशक्तीचं होतं. तिने विक्रेत्याला विचारलं की वेगमर्यादेच्या आत राहून या ४९० पैकी किती वापरता येतील. तो प्रामाणिक होता, हसला आणि म्हणाला, "थोडेसेच." मी वहीत लिहिलं: जास्तीचे घोडे, पागेत बांधून चारा घालायचे. हा माझ्या मते अतिसंग्रह झाला, पण ते मी मनातच ठेवलं.

लोटसची एमिरा. ती पाहायला दुसऱ्या शहरात जावं लागलं. मला दिसण्यात सगळ्यात आवडली ती हीच. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये बनते, मालकी चिनी कंपनीची, आणि तिचं सहा सिलिंडरचं इंजिन टोयोटाचं. त्याला हाताचा गिअर मिळतो. लोटसची आधीची प्रसिद्ध छोटी गाडी एलिस, तिचं नाव तेव्हाच्या मालकाच्या नातीवरून ठेवलेलं होतं. हे ऐकून मला उगाचच ते लोक घरातले वाटले. पण किंमत लाख डॉलरच्या आसपास. मर्यादा ८५ ची. वहीतली ओळ समोर होती, त्यामुळे वाद घालावा लागला नाही. आधी लिहून ठेवण्याचा फायदा तो हाच.

परतीच्या वाटेवर ह्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. लोटस म्हणजे कमळ, पद्मप्रभूंचं लांछन. आणि उरलेली गाडी पोर्शेची केमन. केमन ही मगरीची एक जात, आणि मगर पुष्पदंतांचं लांछन. "कॉर्व्हेट म्हणजे छोटी युद्धनौका," हे म्हणाले, "ती चोवीसात कुठेच बसत नाही. बाद." लेकीने वळणावर गाडी जरा जास्तच जोरात घेतली तेव्हा कुठे गप्प बसले.

तर केमन, तिचं पूर्ण नाव ७१८ केमन. २०१६ पासून तिच्या साध्या आवृत्तीत चार सिलिंडरचं टर्बो इंजिन असतं. त्याआधी सहा असायचे, आणि शौकिनांनी या चार सिलिंडरच्या आवाजाबद्दल केवढा शोक केला आहे. पोर्शेचा आवाज गेला म्हणून माणसं हळहळतात. लेक पंधरा वर्षं चार सिलिंडरच ऐकत आली होती, त्यामुळे तिला काही गमावल्यासारखं वाटलंच नाही. ज्या उणिवेमुळे इतरांनी नाक मुरडलं ती हिच्या हिशेबात उणीवच नव्हती. तीनशे अश्वशक्ती, वजन कॉर्व्हेटपेक्षा बरंच कमी, सहा गिअर हाताचे, पक्कं छप्पर. आणि डिक्या दोन, पुढची दीडशे लिटरची, मागची त्याहून मोठी. एमआर-टूमध्ये पुढे बॉनेटखाली जादा चाक असायचं आणि सामानाला सीटमागची झाकणं उघडून कोंबावं लागायचं. मंदिरात प्रसादाचे डबे नेताना एक डबा कायम माझ्या मांडीवर. केमनमध्ये मी स्वतः चार डबे, पूजेची पिशवी आणि यांची काठी ठेवून पाहिली. विक्रेता बघत राहिला. सोबत डबे घेऊन शोरूममध्ये आलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. पेट्रोलवर चालणारी ही ७१८ त्याच वर्षी बंद होणार होती (आणि ऑक्टोबरमध्ये झालीच). आता मागणी नोंदवून हवी तशी बनवून मिळणार नाही, उभी आहेत त्यातलीच घ्यायची. त्याच्याकडे हाताच्या गिअरची एकच होती, राखाडी रंगाची, आठ महिने न खपलेली. लोकांना आजकाल आपोआपवालीच हवी असते.

मग चामड्याचा प्रश्न आला, आणि आम्हा दोघींचं खरं बोलणं तिथे झालं.

सीटचा बसायचा आणि टेकायचा मधला भाग अल्कांटाराचा होता. दिसायला हे कापड मखमली चामड्यासारखं दिसतं, आणि आपल्या बऱ्याच जणी ते चामडं समजून टाळतात किंवा चामडं नाही असं खात्रीने सांगता न आल्यामुळे गप्प बसतात. ते चामडं नाही. १९७० साली जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो या शास्त्रज्ञाने अतिशय बारीक धाग्यांपासून ते शोधून काढलं. पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेन, दोन्ही कारखान्यातलं, आणि अल्कांटारा नावाने ते इटलीत बनतं. पर्स किंवा चपला घेताना हे नाव दिसलं तर लक्षात ठेवा. पण स्टिअरिंगवर चामडं होतं, आणि सीटच्या कडांना काय आहे ते विक्रेत्याला नीट सांगता येईना.

लेक म्हणाली, "स्टिअरिंग आणि कडा मी बदलून घेईन. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगला ज्याने कृत्रिम कव्हर शिवलं तोच करेल."

मी म्हटलं, "बदललंस तरी बिलात ते आलंच. माल घेतला आणि फेकला म्हणून खरेदी रद्द होत नाही."

"पण ही गाडी मी बनवायला सांगितलेली नाही. आठ महिने उभी आहे."

"दुकानातून एक नग गेला की दुकानदार दुसरा मागवतो. त्या दुसऱ्यात चामडं लागतं. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः नाही केलंस तरी करवलंसच."

ती थांबली. मग म्हणाली, "दुसरा मागवताच येणार नाही, आई. गाडी बंद होते आहे. हा शेवटचा साठा."

मैत्रिणींनो, मी कॉमर्सची. साठा, पुनर्मागणी, हे सगळं मला कळतं. ज्या मालाची पुनर्मागणीच होऊ शकत नाही तो विकत घेतल्याने पुढची हत्या होत नाही, हा हिशेब चोख होता. कारित उरत नाही. पण अनुमोदना? जे आधीच झालं आहे त्याच्यावर बसून आनंद घेणं, त्याला काय म्हणायचं? तेच तिला विचारलं. ती म्हणाली, "म्हणूनच तर बदलून घेणार आहे. हात रोज त्यावर ठेवायला नको." मी हिशेबाला पूर्ण गुण दिले आणि संमती मात्र माझ्यापाशी ठेवली. तिनेही मागितली नाही. त्रेचाळीस वर्षांची मुलगी आईपुढे बसून कारित आणि अनुमोदना यांत फरक करते आहे, तिच्या घरात कोणी रात्री जेवा नको किंवा कांदा खाऊ नको म्हणायला नाही, तरी करते आहे, हे मात्र मी पाहत होते. इथे ज्या मुलांच्या लग्नांत आपण नाचलो त्यांच्या किती घरांत हा शब्द निघतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

आणि तिचा एक नियम मला आधी माहीतच नव्हता. डेट्रॉइटच्या पूर्वेला सेंट क्लेअर नावाचा तलाव आहे. जूनमध्ये तिथून एका प्रकारच्या नाजूक पंखांच्या माश्या, फिशफ्लाय म्हणतात त्यांना, लाखोंनी निघतात. एकदोन दिवसांचं आयुष्य. रात्री दिव्यांवर झेपावतात आणि काठच्या रस्त्यांवर इतक्या पडतात की चाकाखाली चिरडल्याचा आवाज येतो. त्या दिवसांत ती संध्याकाळनंतर तलावाच्या बाजूला गाडी नेतच नाही. तिचे सहकारी समजतात की काच पुसायचा कंटाळा. ती त्यांना तसंच समजू देते.

किमतीची घासाघीस मी केली. भाषा तिची, आकडे माझे. आठ महिने उभा माल, बंद होणारा नमुना, आणि या रंगाला गिऱ्हाईक नाही, हे त्याच्या तोंडूनच आलेलं. कर धरून ७९ हजारांत बसली. सहा हजार उरले. ते कुठे गेले ते इथे लिहिणार नाही, दान लिहून सांगायचं नसतं.

जुनी आधी जायची होती. हिशेबाच्या भाषेत ती केव्हाच शून्य झालेली मालमत्ता. दरवर्षी १५ टक्के घसारा धरला तरी पंधरा वर्षांत साडेसात हजारांचे साडेसहाशे उरतात. पण बाजार घसाऱ्याचं गणित पाळत नाही. अशा हलक्या, साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्या आता फारसं कोणी बनवत नाही, त्यामुळे गंजलेल्या गाडीलाही चार हजार देणारे दोघे निघाले. एकाला ती भागांसाठी मोडायची होती. दुसरी होती उत्तरेकडच्या गावातली कॉलेजमधली मुलगी, तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. खालची चौकट कुठे किती गंजली आहे हे लेकीने तिला स्वतः वाकून दाखवलं, मेकॅनिकने काढलेले फोटो दिले आणि पाचशे कमी घेतले. ती मुलगी गाडी घेऊन निघाली तेव्हा लेक दारात उभी होती. रडली वगैरे नाही. आत येऊन तिने गॅरेज झाडलं, तेलाचे डाग घासून काढले, आणि दोन दिवस ती जागा रिकामी ठेवली. २००९ च्या त्या दहा महिन्यांत ती फोनवर "थांबा" म्हणायची ना, तसा चेहरा होता. मी दूध-पोहे केले, दोघी न बोलता खाल्ले.

नवी आली मंगळवारी. पहिली फेरी माझी, दुसरी यांची. एका वेळी एकच पाहुणा, त्यामुळे दोघांनाही लेक एकटी मिळाली, तासभर, फोनशिवाय. ह्यांनी तिच्याशी काय बोलणं केलं ते मला अजून सांगितलेलं नाही. घरी परत आले तेव्हा डोळे पुसत होते आणि वारा लागला म्हणाले. पक्क्या छपराच्या गाडीत.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या-नव्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, ड्रीम क्रूझ म्हणतात, १९९५ पासून. आम्ही रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून पाहिली. लेकीने आपली गाडी नेली नाही, आमच्याबरोबर बसली. तिघांना एका गाडीत यायचं तर चार दारांचीच लागते.

आता ती गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवली आहे, बॅटरीला चार्जर लावून. स्टिअरिंग आणि सीटच्या कडांचं काम अजून व्हायचं आहे. कारागीर म्हणाला, फेब्रुवारीत हात मोकळा होईल. कुठलं कापड ते तिने ठरवलं आहे, नमुन्याचा तुकडा मला पोस्टाने पाठवलाय. गडद करडा, हाताला मऊ. कुणाला बघायचा असेल तर रविवारी स्वाध्यायाला पिशवीत घेऊन येते.